फूटव्हॉल्व्ह आणि काळजाची झडप



परवा वाटूर शिवारात एका विहिरीवर मोटार फिरत होती, पण पाणी चढेना. फूटव्हॉल्व्ह गळत होता. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळाली, तर रक्तही असेच मागे फिरून फुप्फुसात तुंबते. खुरपताना दम लागतो. लहानपणचा सांधेज्वर हे आपल्याकडे त्याचे मोठे कारण. म्हणून लेकरांची घसादुखी अंगावर काढू नका.

जमेल तेथे सर्जन मूळ झडपच टाके घालून, कडी बसवून दुरुस्त करतात. धातूची बसवली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आखडलेली झडप १९८२ पासून फुग्यानेही उघडता येऊ लागली.

सूनबाईला दम लागतो? ‘अशक्तपणा’ म्हणून टाळू नका, हृदय तपासून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते.