खेळ कोणाचा, संघ कोणाचा?

अमेरिकन फुटबॉल या खेळात पुण्याच्या नावाचा एक संघ विजेता ठरला होता, ही गोष्ट आज खुद्द पुण्यातही फारशा कोणाच्या स्मरणात नसेल. २०१२ साली ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या स्पर्धेच्या पहिल्या हंगामात आठ संघ उतरले होते. त्यांतील ‘पुणे मराठाज’ या संघाने अंतिम सामन्यात दिल्लीच्या संघाचा ६-० असा पराभव केला. पुण्याचा हा संघ ज्या हंगामात जिंकला, त्याचे सामने पुण्यात नव्हे, तर श्रीलंकेत कोलंबो येथे खेळवून चित्रित करण्यात आले आणि पुणेकरांना ते पाहावयाचे झाल्यास दूरचित्रवाणीवर पाहावे लागले. पाठीराख्यांत माइक डिट्का यांच्यासारखे नामांकित प्रशिक्षक, कर्ट वॉर्नर यांच्यासारखे खेळाडू आणि मार्क वॉलबर्ग यांच्यासारखे चित्रपट अभिनेते होते. म्हणजे पैसा होता, प्रसिद्धी होती आणि जाणकारांचा सल्लाही होता. तथापि त्या हंगामाची परंपरा पुढे अखंड चालू शकली नाही.

हा खेळ भारतीय मातीत रुजणे शक्यच नव्हते, असे म्हणून या प्रकरणावर पडदा टाकण्याची प्रवृत्ती दिसते. प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ, अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट, असे या खेळाचे स्थूल स्वरूप आहे. तो महाग आहे आणि नियमांनी गुंतागुंतीचाही आहे, हे खरे. परंतु पन्नास वर्षांपूर्वी जर्मन माणसालाही तो तितकाच परका होता. तेथे जे घडले त्याकडे पाहिले म्हणजे रुजण्याचा प्रश्न मातीचा कमी आणि मालकीचा अधिक आहे, हे ध्यानात येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकन सैन्याच्या छावण्या पडल्या आणि त्यांच्या कुंपणाआड हा खेळ तीस वर्षे चालू राहिला. कुंपणाबाहेरचा पहिला जर्मन संघ १९७७ साली फ्रँकफुर्ट येथे निघाला. पुढच्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ शहरात ‘पँथर’ या नावाचा क्लब स्थापन झाला. १९७९ साली सहा संघांची राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात फ्रँकफुर्टने आन्सबाखच्या संघावर १४-८ असा विजय मिळविला. फ्रँकफुर्टचा तो आद्य संघ पुढे काळाच्या ओघात नाहीसा झाला. ड्युसेलडॉर्फचा पँथर मात्र टिकला आणि आज तो जर्मनीतील हयात अमेरिकन फुटबॉल क्लबांत सर्वांत जुना गणला जातो. १९८३ ते १९९४ या काळात त्याने सहा वेळा जर्मन विजेतेपद मिळविले. १९९५ साली युरोपातील क्लबांचे विजेतेपदही त्याच्याकडे आले. कनिष्ठ गटात त्याने मिळविलेली विजेतेपदे तर वरिष्ठ गटाहून कितीतरी अधिक आहेत. हा शेवटचा तपशील सर्वांत बोलका आहे. वरिष्ठ संघ पैशाने उभा करता येतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला मैदानावर आणण्याचे काम मात्र शेजारीपाजारी, पालक आणि निवृत्त खेळाडू यांनाच करावे लागते.

जर्मनीतील बहुतेक क्लबांचे कायदेशीर रूप नोंदणीकृत मंडळाचे असते. अशा मंडळाच्या नोंदणीसाठी जर्मन दिवाणी संहितेनुसार किमान सात सभासद लागतात. सभासद वर्गणी भरतात, सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते आणि हिशेब सभेपुढे ठेवावे लागतात. भारताच्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही किमान संख्या सातच आहे, हा एक गमतीचा योगायोग होय. क्लब काढण्यापुरते पाहिले तर ड्युसेलडॉर्फचा नागरिक आणि पारनेर वा पाथर्डीचा नागरिक यांच्यात कायद्याने फारसे अंतर ठेवलेले नाही.

१९९५ साली याच ड्युसेलडॉर्फमध्ये दुसऱ्या प्रकारचा संघ अवतरला. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगने युरोपात स्वतःची स्पर्धा नव्याने सुरू केली आणि तिच्या सहा संघांपैकी ‘ऱ्हाइन फायर’ हा संघ या शहराच्या वाट्याला आला. पँथर ज्या वर्षी युरोपचा विजेता झाला, त्याच वर्षी त्याच्या दारात अमेरिकन भांडवलाचा शेजारी येऊन उभा राहिला. फायरच्या सामन्यांना हजारोंच्या संख्येने प्रेक्षक येत. १९९८ आणि २००० साली त्याने ‘वर्ल्ड बोल’ ही त्या स्पर्धेची अंतिम लढत जिंकली. पँथरला १९९४ नंतर जर्मन विजेतेपद मिळालेले नाही. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, एवढे भान अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने ठेवलेच पाहिजे; तरीही प्रायोजक आणि प्रेक्षक यांचा ओढा कोणीकडे वळला असेल याचा तर्क अवघड नाही. ड्युसेलडॉर्फमधील जुने क्रीडागार पाडण्यात आले तेव्हा फायर काही वर्षे गेल्सनकिर्खेन या दुसऱ्या शहरात खेळत होता. त्याला स्थलांतर सोपे होते, कारण त्याची मुळे कागदावर होती.

या स्पर्धेचा शेवट तर फारच उद्बोधक आहे. २३ जून २००७ रोजी फ्रँकफुर्ट येथे तिचा अंतिम सामना झाला. अठ्ठेचाळीस हजारांवर प्रेक्षक उपस्थित होते आणि हॅम्बुर्गने यजमान फ्रँकफुर्ट गॅलेक्सीला ३७-२८ असे हरविले. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २९ जून रोजी, स्पर्धा कायमची बंद केल्याची घोषणा झाली. वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलरचा तोटा होत असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. अमेरिकेतील मालकांच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा नव्हता. तोट्यातील शाखा बंद करणे हा भांडवलाचा स्वभावधर्मच आहे. परंतु ते अठ्ठेचाळीस हजार लोक त्या हिशेबात कोठेच नव्हते. त्यांना मत नव्हते, कारण ते सभासद नव्हते, ग्राहक होते. फ्रँकफुर्टच्या चाहत्यांनी मग त्याच वर्षी ‘युनिव्हर्स’ नावाचा स्वतःचा क्लब काढला. गॅलेक्सी, फायर ही नावे पुढे २०२१ आणि २०२२ साली नव्या युरोपीय लीगमध्ये पुन्हा झळकली खरी. पण नावे भाड्याने मिळतात, संस्था मिळत नाही.

योगायोग असा की, पुण्याच्या लीगचे पाठीराखे असलेले कर्ट वॉर्नर १९९८ साली याच युरोपीय स्पर्धेत ॲम्स्टरडॅमच्या संघाकडून खेळले होते. वरून उभारलेली स्पर्धा खेळाडू घडवू शकते, हे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते. वॉर्नर त्यानंतर अमेरिकेतील सर्वोच्च विजेतेपदापर्यंत पोहोचले. परंतु ती गाव घडवू शकत नाही. पुणे मराठाज हा संघ पुण्यातील कोणाच्या वर्गणीतून उभा राहिलेला नव्हता. म्हणूनच तो दिसेनासा झाला तेव्हा एकाही पेठेत त्याची निषेधसभा झाली नाही.

आता कबड्डीचे उदाहरण घ्यावे. २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी लीग हीही वरून, दूरचित्रवाणीच्या बळावर उभारलेलीच स्पर्धा आहे. मग ती का टिकली? पुणेरी पलटण संघाने २०२४ साली तिचे विजेतेपद मिळविले तेव्हा जो जल्लोष झाला, त्यामागे केवळ दहा वर्षांची जाहिरात नव्हती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ सालीच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी या खेळाचे संघटन करण्यात आयुष्य वेचले आणि १९९० साली तो आशियाई स्पर्धांत दाखल झाला. तोपर्यंत गल्लोगल्ली मंडळे उभी होती. लीगने आयते पीक कापले असे म्हणणे थोडे कठोर होईल. तिने बाजार दिला, हे मान्य करावयास हवे. मात्र पेरणी दुसऱ्यांची होती.

सभासदांच्या मालकीची महती नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कोणी शिकवावी असे नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला आणि लोणीच्या माळावर सहकारी साखर कारखाना निघाला. सरकारी भांडवल आणि कर्ज त्याला मिळाले, पण ते सभासदांच्या पायावर. क्रीडासंस्थांच्या बाबतीत शासनाने नेमका हाच क्रम उलटा केला आहे. आधी संकुल बांधावयाचे, मग त्याला कुलूप घालावयाचे आणि शेवटी खेळाडू का येत नाहीत यावर समिती नेमावयाची, अशी ही रीत आहे.

अर्थात सभासदांची संस्था म्हणजे सर्व दोषांवर रामबाण, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०२५ साली याच जिल्ह्यात दोन महिन्यांच्या आत दोन ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगर शहरातील वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा जिंकली. त्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून झालेला गोंधळ सर्वांनी पाहिला. मार्चअखेरीस कर्जत येथे दुसऱ्या संघटनेच्या मैदानात वेताळ शेळके हे महाराष्ट्र केसरी ठरले. मल्ल दोघेही खरे, घाम दोघांचाही खरा. दुभंगली होती ती संघटना. सहकारी कारखान्यांतही सर्वसाधारण सभा पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत कशा उरकल्या जातात, हे सांगण्याची गरज नाही. जी संस्था सर्वांची असते ती हळूहळू मोजक्यांची होते, हा धोका जर्मनीतही आहे आणि लोणीच्या परिसरातही. फरक एवढाच की, येथे सभासदाजवळ मत असते, हिशेब मागण्याचा अधिकार असतो आणि धर्मादाय आयुक्तांचे दार उघडे असते. २००७ सालच्या फ्रँकफुर्टच्या प्रेक्षकाजवळ केवळ तिकिटाचा उरलेला तुकडा होता.

हा प्रश्न आज नव्याने उपस्थित होण्याचे कारण आहे. अमेरिकन फुटबॉलचे सौम्य रूप असलेला ‘फ्लॅग फुटबॉल’ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळला जाणार आहे. त्यात दोन्ही बाजूंना पाचच खेळाडू असतात. प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची फीत ओढून घ्यावयाची असते. शिरस्त्राण आणि गाद्या यांचा खर्च नाही. चेंडू, पट्टे आणि मोकळे मैदान एवढ्यावर भागते. कबड्डी आणि खो-खो यांत तयार झालेल्या चपळ मुलामुलींना तो अवघड जाण्याचे कारण नाही. ऑलिंपिकचा शिक्का लागला म्हणजे प्रायोजक येतील, लीग येतील, शहरांच्या नावांचे संघ लिलावात निघतील. त्यांना मज्जाव करण्याचे कारण नाही. परंतु जिल्हा क्रीडा संकुलातील मैदानाचे वेळापत्रक ठरविताना पहिला हक्क कोणाचा, हे आजच ठरविणे शक्य आहे. खुले सभासदत्व, दरवर्षी तपासलेले हिशेब, नियमित निवडणूक आणि सोळा वर्षांखालील मुलामुलींचा संघ या चार अटी पाळणाऱ्या नोंदणीकृत मंडळाला, मग ते तालमीचे असो, खो-खोचे असो वा फ्लॅग फुटबॉलचे, संध्याकाळचे दोन तास विनामूल्य द्यावेत. सायंकाळी रिकामी राहणारी महाविद्यालयांची मैदानेही याच अटींवर उघडता येतील. त्यासाठी नवे बांधकाम लागणार नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे एक परिपत्रक आणि मैदानाच्या फाटकाची दुसरी किल्ली एवढे पुरेल.