काखेत कळसा, गावाला वळसा: ऑफिसच्या फाईल्स 'पीटूपी'ने पाठवणं चालतं का?

समजा, तुम्ही कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये नुकतेच कामाला लागलात. डिझाइनच्या टेबलावरून शॉप फ्लोअरच्या कॉम्प्युटरवर २ जीबीची ड्रॉइंग्ज पाठवायची आहेत. अंतर शंभर पावलं. तुम्ही फाईल क्लाउडवर चढवता. ती कागलमधून निघते, कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत कागललाच येते. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर नुसती चढायलाच सुमारे २७ मिनिटं! तीच फाईल त्याच इमारतीतल्या वाय-फायवरून थेट पाठवली आणि २०० एमबीपीएस वेग मिळाला, तर ८० सेकंदांत काम फत्ते.

मधला सर्व्हर वगळून एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर थेट फाईल जाणं, यालाच पीअर-टू-पीअर म्हणजे 'पीटूपी' म्हणतात.

पैऱ्याचं गणित

आपल्याकडे शेतात पैरा करतात. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बनवलेलं बिटटोरंट याच पद्धतीने चालतं. मोठ्या फाईलचे छोटे तुकडे होतात. ज्याला जो तुकडा मिळाला, तो लगेच दुसऱ्याला देतो. त्यामुळे घेणारे वाढले की देणारेही वाढतात. प्रत्येक तुकडा तपासला जातो, खराब निघाला तर पुन्हा मागवला जातो.

हे फक्त पायरसीवाले वापरतात असं वाटतं? उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम अधिकृतपणे टोरंटवरून मिळते. ट्विटरने २०१० मध्ये आपल्या हजारो सर्व्हरवर नवा कोड पोहोचवायला बिटटोरंटवर आधारित टूल बनवलं होतं. आणि विंडोज १० किंवा ११ मधलं 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' एका कॉम्प्युटरने उतरवलेला अपडेट शेजारच्या कॉम्प्युटरला देऊ शकतं. ऑफिसात १५ पीसी असतील तर तोच अपडेट १५ वेळा नेटवरून ओढावा लागत नाही.

मग भीती कशाची?

दोन घटनांमुळे गोंधळ झाला. २०१६ मध्ये ब्लॉक केलेली टोरंट साइट उघडली की 'नुसतं बघितलं तरी तुरुंगवास' अशा अर्थाची सूचना दिसायची. त्याच वर्षी 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय कॉपी करणं, वाटणं हा प्रश्न आहे.

दुसरी घटना २९ जून २०२० ची. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यात शेअरइट आणि झेंडर होते. कारण देशाची सुरक्षा आणि लोकांच्या डेटाचं होतं. बंदी त्या ॲप्सवर आली, फाईल थेट पाठवण्याच्या तंत्रावर नाही.

थोडक्यात, रस्ता कायदेशीर आहे. गाडीत माल कुणाचा आहे, ते महत्त्वाचं. कंपनीच्या पीसीवर टोरंटवरून क्रॅक केलेलं कॅड सॉफ्टवेअर टाकून जाणूनबुजून वापरलंत, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

सगळंच ब्लॉक केलं तर?

अनेक मालकांना हा सोपा उपाय वाटतो. पण काम थांबत नाही, ते खासगी फोनवर सरकतं. ग्राहकाचं गोपनीय ड्रॉइंग कामगाराच्या व्हॉट्सॲपमध्ये जातं. उद्या तो नोकरी सोडतो, ड्रॉइंगही त्याच्यासोबत जातं. पुढे ते बाहेर फुटलं तर बोट आधी त्या पोराकडेच दाखवलं जाणार, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. म्हणून बंदीपेक्षा 'कोणतं टूल, कोणत्या फाईलसाठी' हे ठरवून दिलेलं बरं.

कामासाठी काय वापराल?

- क्विक शेअर: अँड्रॉइडमध्ये आधीच असतं. जानेवारी २०२४ मध्ये गुगल आणि सॅमसंगने आपापल्या सोयी या एकाच नावाखाली आणल्या.
- लोकलसेंड: मोफत, ओपन सोर्स. फोन आणि पीसी एकाच वाय-फायवर हवेत, इंटरनेट लागत नाही.
- सिंकथिंग: दोन कॉम्प्युटरवरचं फोल्डर कायम सारखं ठेवतं, तेही एन्क्रिप्ट करून. पण हा बॅकअप नव्हे! इकडे फाईल डिलीट केली की तिकडूनही जाते. वेगळी कॉपी ठेवाच.

एवढं सांभाळा

- ऑफिसच्या मशीनवर काहीही टाकण्याआधी साहेबांची किंवा आयटीवाल्यांची परवानगी घ्या. जमलं तर मेलवर, म्हणजे उद्या पुरावा राहील.
- क्विक शेअरमध्ये 'सगळ्यांना दिसेल' हा पर्याय काम झालं की बंद करा.
- गोपनीय फाईल सार्वजनिक टोरंटवर कधीच नको. तिथे तुमचा आयपी ॲड्रेसही इतरांना दिसतो.
- कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाईल इन्स्टॉल करू नका. बंदी आलेल्या ॲपचं 'नवीन व्हर्जन' म्हणून आली असेल, तर मुळीच नाही.

उद्या ऑफिसात कुणी म्हणालं, "पीटूपी म्हणजे चोरीचा धंदा," तर वाद घालत बसू नका. त्यांच्याच पीसीवरच्या विंडोज अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडून दाखवा.