गरम पाण्यातला चमत्कार पुरे

विज्ञान प्रदर्शनात वाकवलेली नायटिनॉलची तार गरम पाण्यात सोडली जाते, ती सरळ होते, टाळ्या पडतात आणि विज्ञान तिथेच थांबते. निकेल-टायटॅनियमच्या तारेला 'स्मरणशक्ती' बहाल करून मोकळे होणे ही हातचलाखी झाली, शिक्षण नव्हे. तारेला काहीही आठवत नसते. तापताच तिची मार्टेन्साइट स्फटिकरचना पालटून ऑस्टेनाइट होते. खरी मौज मोजण्यात आहे. तारेला वजन टांगून, वीज सोडून, तापमानागणिक लांबी टिपली की तापतानाचा आलेख एका वाटेने जातो, निवतानाचा दुसऱ्याच. असे का, हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल.

मीटरभर तार कोणत्याही महाविद्यालयाला परवडते. मात्र घेताना रूपांतराचे तापमान विचारायलाच हवे; दात सरळ करण्याची अतिलवचिक तार खोलीच्या तापमानालाच ऑस्टेनाइट असते, तिच्यावर हा प्रयोग फसतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राने 'तेजस' विमानातील नळ्या जोडण्यासाठी याच कुळातल्या मिश्रधातूची, निकेल-टायटॅनियम-लोहाची, आकसणारी वलये विकसित केली. आणि पदवीच्या प्रयोगशाळांत? तिथे गतवर्षीच्या वहीतून यंगचा गुणांक उतरवला जातो, आणि ज्याचे उत्तर वहीशी जुळत नाही त्याचेच गुण कापले जातात.