पाहुणचाराचा ठेका

अमेरिकेतील एखाद्या बँकेच्या ग्राहकाने तक्रारीसाठी दूरध्वनी केला, की तो पुष्कळदा मनिला किंवा सेबू शहरात उचलला जातो. परदेशी कंपन्यांनी आपली कामे ठेक्याने फिलिपाइन्सला द्यावीत म्हणून जी माहितीपत्रके निघतात, त्यांत तेथील संस्कृतीचे भरघोस गुणगान असते. हा समाज मुळातच आतिथ्यशील, सोशीक व हसतमुख आहे. इंग्रजी बोलणारा आणि बहुसंख्येने ख्रिस्ती असल्यामुळे तो पाश्चात्त्यांना जवळचा वाटतो, असे सांगितले जाते. ही स्तुती ऐकायला गोड असली तरी निर्मळ नाही, हे दाखवून देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम इंग्रजीचे पाहू. स्पेनची तीन शतकांहून अधिक काळ चाललेली सत्ता १८९८ साली संपली आणि तिची जागा अमेरिकेने घेतली. या नव्या धन्याविरुद्ध फिलिपिनो प्राणपणाने लढले आणि हरले. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले व शाळाशाळांतून इंग्रजी रुजली. आज ‘सांस्कृतिक जवळीक’ म्हणून जे खपवले जाते, त्याचे मूळ असे पराभवात आहे. पुढे १९९५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रांत कंपन्यांना करसवलती मिळाल्या. स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी २०११ साली उठली. सवलती, स्वस्त मजुरी आणि रात्रपाळी या तीन खांबांवर हा व्यवसाय उभा आहे. संस्कृती ही वरची रंगसफेदी!

आता आतिथ्याचे. फिलिपिनो भाषेत ‘कापवा’ असा एक शब्द आहे. दुसऱ्याच्या ठायी स्वतःलाच पाहणे, हा त्याचा आशय. व्हर्जिलियो एन्रिकेझ या मानसशास्त्रज्ञाने तो फिलिपिनो मनाचा गाभा मानला. परकीय अभ्यासकांना केवळ ‘पाकिकिसामा’, म्हणजे जुळवून घेण्याचा गुण दिसला. ‘पाकिकिबाका’, म्हणजे अन्यायाशी झुंजण्याचा गुण मात्र दिसला नाही, असा त्यांचा रोख होता. कापवा दोन्हीकडून असावा लागतो. पलीकडचा माणूस शिव्या देत असताना मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या वरिष्ठाच्या धाकाने गोड बोलणे याला आतिथ्य म्हणावे काय? यजमानाला दार लावण्याचीही मुभा असते.

आणि हा समाज सोशीक म्हणावा, तर फेब्रुवारी १९८६ आठवावा. कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक देताच लाखो लोक मनिलाच्या एद्सा महामार्गावर उतरले. धर्मभगिनी हाती जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. हुकूमशहा मार्कोस यांना देश सोडून पळावे लागले. ही संस्कृती नव्हे काय? कोणते माहितीपत्रक ती छापील?

नाताळापूर्वी नऊ दिवस पहाटेची मिस्सा, ‘सिंबांग गाबी’, हे फिलिपिनो श्रद्धेचे भूषण. शेतकऱ्यांना कामावर जाण्यापूर्वी उपासनेला येता यावे म्हणून ती पहाटे ठेवली, असे सांगतात. त्या काळी घड्याळ कष्टकऱ्यांकडे पाहून लावले गेले. आज पहाटे ४ वाजता घंटा वाजते, तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचे ३ वाजलेले असतात आणि हजारो तरुण कानाला यंत्र लावून पाळीत अडकलेले असतात. ज्या श्रद्धेची जाहिरात करायची, तिच्यासाठीच सवड नाही!

‘पण त्यामुळे चुली पेटतात ना?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०२४ साली सुमारे १८ लाख माणसे या व्यवसायात होती. आई हाँगकाँगला मोलकरीण आणि लेकरे आजीकडे, अशी घरे तेथे थोडी नाहीत. त्यापेक्षा मायदेशातील नोकरी शतपटीने बरी. परंतु ती कोणत्या अटींवर? डिसेंबर २०१७ मध्ये दवाओ शहरात एका मॉलला आग लागली. ३८ जण मृत्युमुखी पडले, जवळजवळ सर्वच वरच्या मजल्यावरील कॉल सेंटरचे कर्मचारी. नाताळ दोन दिवसांवर होता.

ही स्तुती टिकाऊ नाही, हे आपणही जाणतो. एके काळी पुण्या-मुंबईच्या मुलामुलींचे असेच गोडवे गायले जात होते. अमेरिकन नावे धारण करून तीही रात्रभर बोलत. २०१० च्या सुमारास या कामात फिलिपाइन्सने भारताला मागे टाकले आणि गोडवे तिकडे वळले. उद्या बोलके यंत्र स्वस्त पडले, तर तेही गुंडाळले जातील.

संस्कृती इतकी मोलाची असेल, तर तिचे मोल वेतनात दिसू द्या. निर्धोक इमारत, संघटनेचा हक्क, शिवीगाळ करणाऱ्याचा दूरध्वनी ठेवून देण्याची मुभा आणि नाताळची पहाट एवढे आधी द्या. स्तुती मागाहून करा.