पाठीत तार बसवण्याआधी

मणक्याचे ऑपरेशन झालेले असते, क्वचित दुसरेही झालेले असते. नव्या एमआरआयमध्ये गादी जागेवर दिसते, स्क्रू पक्के असतात, सर्जन समाधानी असतात. रुग्णाच्या कमरेपासून पोटरीपर्यंत मात्र आग होत राहते, रात्री पायातून चमका निघतात, धड बसवत नाही आणि झोपवतही नाही. सातपूर-अंबडचा कामगार, लासलगावचा हमाल आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतला मजूर ज्या नाशिक जिल्ह्यात पाठीच्या जोरावरच कमावतो, तिथे असे दुखणे म्हणजे घरातली एक मिळकत बंद. गोळ्या, इंजेक्शने, फिजिओथेरपी, मालिश, काढे असे सगळे करून झाल्यावर अशांपैकी काहींना आता स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर हा पर्याय सुचवला जातो. बोलीभाषेत त्याला पाठीचा पेसमेकर म्हणतात. तो बसवायचे ठरले की तयारी सुरू होते, म्हणजे रक्ताच्या तपासण्या, भूलतज्ज्ञांचे फिटनेस सर्टिफिकेट आणि पैशांची जुळवाजुळव. माझे म्हणणे असे की, खरी तयारी यात येतच नाही. हे यंत्र कोणाला उपयोगी पडणार, हे बरेचसे आधीच्या काही महिन्यांत ठरते. त्या महिन्यांना उपचाराचा भाग मानून त्यांचा खर्च आणि जबाबदारी कोणीतरी उचलल्याखेरीज हे ऑपरेशन कोणाला सुचवूच नये.

या यंत्राचे तत्त्व जुने आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, वेदनेचे संदेश मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूत एका दारातून जातात आणि स्पर्शाचे संदेश वाहणाऱ्या जाड नसा चेतवल्या तर ते दार बऱ्याच अंशी लोटता येते. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकी न्यूरोसर्जन नॉर्मन शिली यांनी याच कल्पनेवर पहिले उपकरण रुग्णाच्या शरीरात बसवले. आजच्या पद्धतीत मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक तारा सरकवतात, कमरेजवळ किंवा पोटाच्या त्वचेखाली बॅटरी ठेवतात आणि रिमोटने विजेची मंद स्पंदने देतात. यातून घसरलेली गादी सुधारत नाही आणि चेपलेली नस मोकळी होत नाही. फक्त वेदनेच्या संदेशात व्यत्यय येतो. म्हणून नसेचे दुखणे, म्हणजे आग, करंट लागल्यासारखी चमक, मुंग्या, हे या यंत्राचे मुख्य कार्यक्षेत्र. स्नायूंचे, सांध्यांचे, ओझ्याने अवघडलेल्या पाठीचे दुखणे सहसा त्यात बसत नाही. जगात २०२० मध्ये सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. त्यांतल्या फार थोड्यांचा या तारांशी संबंध यावा.

आता पुरावा पाहू. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोसेस’ चाचणीत मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी पायाचे दुखणे निम्म्याने तरी कमी झालेल्यांचे प्रमाण स्टिम्युलेटर बसवलेल्या गटात ४८ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के निघाले. आकडा घसघशीत आहे, पण या चाचणीला उपकरण बनवणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते आणि आपल्या पाठीत यंत्र चालू आहे हे रुग्णांना ठाऊक होते. जुन्या प्रकारच्या स्पंदनांनी अंगात झिणझिण्या येतात, त्यामुळे यंत्र चालू की बंद हे रुग्णापासून लपवताच येत नसे. झिणझिण्या न आणणारे प्रकार निघाल्यावर ती सोय झाली आणि चित्र पालटले. नॉर्वेतील संशोधकांनी २०२२ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र सर्वांच्या पाठीत होते, काही काळ चालू आणि काही काळ नकळत बंद. दैनंदिन हालचालींतील अडचणींत दोन्ही काळांत लक्षणीय फरक आढळला नाही. कंबरदुखीवरच्या १३ चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेनच्या समीक्षेने २०२३ मध्ये निष्कर्ष काढला की, संशोधनाच्या चौकटीबाहेर कंबरदुखीसाठी हे यंत्र वापरण्यास पुरेसा आधार नाही. अमेरिकेतील विमा-नोंदींच्या एका पाहणीत तर दोन वर्षांत पाचातील एकाहून थोड्या अधिक रुग्णांचे यंत्र काढावे लागले किंवा पुन्हा बसवावे लागले होते.

मग हा उपचार बादच का करू नये? हा आक्षेप रास्त आहे आणि काही अभ्यासक तो उघडपणे घेतात. मला तो पूर्ण पटत नाही. नॉर्वेच्या अभ्यासात वापरलेली स्पंदनांची मात्रा प्रचलित मात्रेपेक्षा वेगळी होती, ही टीका गंभीर आहे. कॉक्रेनची समीक्षा कंबरदुखीची आहे, नसेच्या सगळ्या दुखण्यांची नाही. मधुमेहामुळे पाय जळण्याच्या विकारात २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत यंत्राचा चांगला लाभ दिसला. अर्थात तिथेही रुग्णांना सगळे ठाऊक होते. या सगळ्यातून मला दिसते ते असे की, सरसकट बसवले तर सरासरीत या यंत्राचा प्रभाव विरघळतो आणि नेमक्या रुग्णाला बसवले तर तो टिकण्याची शक्यता वाढते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये मान्यता देताना त्यामुळेच अटी घातल्या. दुखणे नसेचे हवे, नेहमीचे उपचार करूनही सहा महिने ते वेदनेच्या मापावर शंभरपैकी किमान पन्नास राहिलेले हवे, वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून रुग्णाला तपासलेले हवे आणि तात्पुरती चाचणी यशस्वी झालेली हवी. ब्रिटनमध्ये उपचाराचे पैसे सरकार भरते, म्हणून तिथे अशी चाळणी लागते. आपल्याकडे पैसे बहुधा रुग्ण भरतो, म्हणून चाळणीची घाई कोणालाच नसते.

या चाळणीतला सर्वांत नकोसा भाग मानसशास्त्रीय तपासणीचा. वर्षानुवर्षे ‘तुमचे दुखणे मनाचे आहे’ असे ऐकून विटलेल्या माणसाला ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले की त्याला अपमान वाटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरी ही तपासणी वगळू नये. दुखणे खरे आहे की खोटे हे ठरवणे हा तिचा उद्देशच नाही. उपचाराविना राहिलेले नैराश्य, मोडलेली झोप, वेदनाशामकांची सवय आणि ‘यंत्र बसले की मी पहिल्यासारखा होईन’ ही अपेक्षा ऑपरेशनच्या फळावर परिणाम करते, म्हणून ती आधी हाताळायची असते. वेदना आणि मन यांच्या नात्याविषयी नाशिककरांना परक्या देशाची उदाहरणे देण्याची गरज नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीचे संस्थापक सत्यनारायण गोयंका विपश्यनेकडे वळले ते मायग्रेनच्या असह्य त्रासामुळे, आणि त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांनी केवळ आजार घालवण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असेच त्यांना आधी बजावले होते. (दहा दिवस मांडी घालून बसणे नस दबलेल्या पाठीला झेपेलच असे नाही, तेव्हा ही शिफारस समजू नये.) सांगायचे इतकेच की, वेदनेकडे पाहण्याची रीत बदलल्याने वेदना खोटी ठरत नाही.

दुसरा मोठा टप्पा तात्पुरत्या चाचणीचा. तारा सुईवाटे आत घालतात, बॅटरी बाहेरच कमरपट्ट्याला लावतात आणि साधारण आठवडाभर रुग्णाला वापरून पाहायला देतात. दुखणे निम्म्याने कमी झाले तर कायमचे यंत्र बसवायचे, असा प्रघात आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून चाचणीशिवाय यंत्र बसवू नका असे कळवले. माझ्या युक्तिवादाला सर्वांत अडचणीचा पुरावाही इथेच येतो. ब्रिटनमधल्या ‘ट्रायल-स्टिम’ अभ्यासात १०५ रुग्णांपैकी काहींची आधी चाचणी घेतली आणि काहींना थेट यंत्र बसवले, तेव्हा सहा महिन्यांनंतर दोन्ही गट सारखेच निघाले. नॉर्वेच्या अभ्यासातले रुग्णही चाचणीत उत्तीर्ण होऊनच पुढे आले होते. म्हणजे आठवड्याचा आराम फसवा असू शकतो. नव्या उपचाराची आशाही काही दिवस दुखणे कमी करते. पण ब्रिटनच्या त्या रुग्णांना तज्ज्ञांच्या गटाने आधीच निवडलेले होते. चाळणी आधीच लागली असेल तर चाचणीने फारसा फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. जिथे आधीची चाळणी नाही, तिथे ही चाचणी हाच एकमेव अडसर उरतो आणि तो जितका मजबूत करता येईल तितका करावा. मुंबईच्या रुग्णालयात पलंगावर पडून ‘आता दहापैकी किती दुखते’ या प्रश्नाला उत्तर देणे पुरेसे नाही. चाचणी सुरू होण्याआधीच रुग्णाने आणि घरच्यांनी आपली कामे लिहून काढावीत. किती वेळ बसता येते, जिना चढता येतो का, रात्री किती वेळा जाग येते, गोळ्या किती लागतात, दुकानात किंवा बागेत अर्धा दिवस काढता येतो का. हीच कामे चाचणीच्या दिवसांत घरी राहून, वाकण्या-उचलण्याची पथ्ये सांभाळून, पुन्हा पडताळावीत. कामांत फरक पडला नसेल आणि फक्त आकडा खाली आला असेल, तर नकार द्यावा. चाचणीनंतर आलेला असा नकार डॉक्टरांनी अपयश मानू नये.

नंतरच्या आयुष्याचा विचारही आधीच व्हायला हवा, आणि तो बहुतेकदा होत नाही. आपल्याकडे पाठ दुखली की माणूस फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जातो आणि तिथे डायथर्मीचा शेक सर्रास दिला जातो. स्टिम्युलेटर असलेल्याला हा शेक पूर्ण वर्ज्य आहे, कारण तारांची टोके तापून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. ही गोष्ट रुग्णाला आणि त्याच्या गावातल्या फिजिओथेरपिस्टला दोघांनाही माहीत हवी. एमआरआय करता येईल की नाही, हे यंत्राच्या मॉडेलवर ठरते. रिचार्ज होणारी बॅटरी नियमित चार्ज करावी लागते, तर न होणारी काही वर्षांनी ऑपरेशन करून बदलावी लागते. ज्या शिवारात वीज वेळापत्रकाने येते तिथे या दोहोंतली निवड कॅटलॉग पाहून करून चालणार नाही. पहिले काही आठवडे वाकणे, पिळणे, उचलणे बंद, नाहीतर तारा सरकतात. द्राक्षाच्या छाटणीच्या तोंडावर ऑपरेशनची तारीख घेणे म्हणजे पथ्य मोडण्याची हमीच. मधुमेह ताब्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि यंत्राभोवती संसर्ग झाला की सगळे बाहेर काढावे लागते. तंबाखू आणि मिश्री आधीच सुटायला हवी. स्पंदनांची मांडणी वेळोवेळी बदलून घ्यावी लागते आणि हे काम पुष्कळदा कंपनीचा माणूस करतो. तो नाशिकला येणार की प्रत्येक वेळी रुग्णाने कसारा घाट उतरायचा, हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्यावे.

पैशांचा मुद्दा आला की म्हटले जाते, हा श्रीमंतांचा उपचार, सर्वसामान्यांच्या वृत्तपत्रात त्याची चर्चा कशाला? खर्च कित्येक लाखांत जातो हे खरे. पण असह्य दुखणाऱ्या माणसाचे घर शेत किंवा दागिने विकूनही हा खर्च उभा करते, म्हणूनच चर्चा हवी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी देऊन ते विम्यातून सरसकट वगळू नयेत असे ठरवले. त्या यादीत मेंदूतल्या डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे नाव आहे, मज्जारज्जूच्या स्टिम्युलेटरचे नाही. त्यामुळे चाचणी आणि कायमचे यंत्र या दोन्हींची मंजुरी स्वतंत्रपणे, लेखी, आधी मागून घेणे शहाणपणाचे. सदोष यंत्र शरीरात गेल्यावर काय होते याचा धडा भारताने खुब्याच्या कृत्रिम सांध्यांच्या प्रकरणात घेतलेला आहे. एका कंपनीने २०१० मध्ये जगभरातून परत मागवलेले सांधे ज्यांच्या शरीरात होते, त्यांतल्या कित्येकांचा आपल्या यंत्रणेला पत्ताच लागला नाही. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातर्फे राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, पण तक्रार नोंदवायची तर यंत्राचा क्रमांक तरी रुग्णाच्या हाती हवा. तो असलेले कार्ड घेतल्याशिवाय रुग्णालयातून घरी जाऊ नये.

नाशिकला यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, राज्यभरची वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. अशा ऑपरेशनआधी रुग्णाची तपासणी कोणी, किती दिवस आणि कशाकशाची करावी याचा नमुना विद्यापीठाने तयार करावा. विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वेदना-तपासणीचा ठेवावा. त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही. एक वेदनातज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट, एक मानसशास्त्रज्ञ आणि बसायला एक खोली पुरते. यंत्राशी आणि त्याच्या विक्रीशी संबंध नसलेल्यांचे मत रुग्णाला तिथे मिळेल, आणि आज त्याला हेच मिळत नाही. आधीच पिचलेल्या माणसाला आणखी महिने थांबवणे निर्दयपणाचे आहे, असे कोणी म्हणेल. थांबण्याच्या काळात त्याला वाऱ्यावर सोडले तर ते निर्दयपणाचेच आहे. त्या महिन्यांत औषधे नीट बसवली, झोप सुधारली, साखर खाली आणली, व्यायाम हळूहळू वाढवला, तर काहींना यंत्राची गरजच उरणार नाही आणि बाकीचे अधिक चांगल्या स्थितीत टेबलावर जातील.

ज्यांच्या हातात आज या ऑपरेशनची चिठ्ठी आहे, त्यांनी तारीख घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: माझे दुखणे नसेचे आहे हे कशावरून, चाचणी फसली तर पुढचा उपचार काय, आणि वर्षभराने यंत्रात बिघाड झाला तर नाशिकमध्ये माझ्याकडे कोण पाहणार. पायाची ताकद अचानक गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, तो प्रकार वेगळा आणि तातडीचा. स्टिम्युलेटर बसवणे मात्र कधीच तातडीचे नसते, त्यामुळे या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तारीख खुशाल पुढे ढकलावी.