सहवैमानिकाच्या तासांचा हिशेब

सहवैमानिकाने हवेत काढलेले तास कप्तानपदाच्या परवान्यासाठी कसे मोजावेत, हा प्रश्न वरवर पाहता चार तज्ज्ञांनी आपसांत मिटवावा असा वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही. २०२५ च्या एप्रिलात अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेथे वैमानिकांची शाळा काढण्याचा संकल्प एअर इंडियाने २०२४ मध्येच जाहीर केला होता. गोंदियाजवळ बिरसी येथे अशी शाळा कित्येक वर्षे चालू आहे. देऊळगाव राजाच्या माणसाला विमान गाठण्यासाठी जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. पण त्याच गावचा मुलगा वा मुलगी उद्या विमान चालविण्याची आकांक्षा धरील, तर त्यात नवल ते काय? या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात वा त्याहूनही पुढे जातो. शेत गहाण टाकून तो उभा करणाऱ्या बापाने, आणि त्या विमानात निर्धास्तपणे बसणाऱ्या प्रत्येक उतारूनेही, हा तासांचा हिशेब समजून घ्यावयास हवा.

हिशेब असा आहे. आपल्या देशात २०० तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो आणि त्या त्या विमानाचे वेगळे शिक्षण घेतल्यावर उजव्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसता येते. डाव्या खुर्चीवर कप्तान म्हणून बसण्यासाठी मात्र आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या दंडकानुसार किमान १५०० तास लागतात. त्यांतले १०० रात्रीचे हवेत. शिवाय २५० तास प्रमुख वैमानिक म्हणून काढलेले हवेत. या २५० पैकी निदान ७० तास स्वतःच्या जबाबदारीवर झाले असतील, तर उरलेले कप्तानाच्या देखरेखीखाली कप्तानाचे काम करून भरता येतात. जे विमान दोन वैमानिकांवाचून उडविताच येत नाही, त्यातील सहवैमानिकाचे सर्व तास एकूण बेरजेत धरले जातात. परंतु जे विमान एकट्याने चालविता येते, आणि ज्यात दुसरा वैमानिक केवळ सरकारी आज्ञेने बसविलेला असतो, तेथे त्याचे निम्म्याहून अधिक तास धरू नयेत, असा मूळ नियम आहे. विमान दोघांसाठी सज्ज असेल व प्रत्यक्ष दोघांच्या पद्धतीने चालविले जात असेल, तर पूर्ण तास धरण्याची मुभा त्या त्या देशास दिलेली आहे. लहान विमानांवर उमेदवारी करणाऱ्या तरुणांचे भवितव्य या एका मुभेवर लटकलेले असते.

निम्म्याचा नियम अविचाराने घातलेला नाही, हे आम्ही जाणतो. शेजारी बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्याने आपल्या नोंदवहीत तास लिहीत जावे आणि एके दिवशी कप्तान व्हावे, ही भीती निराधार नव्हे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांच्या जोरावर काहींनी कप्तानपदाचा परवाना मिळविल्याचे आपल्याच देशात उघडकीस आले होते. जेथे गुणपत्रिका बनावट निघते, तेथे नोंदवहीवर डोळे मिटून विश्वास कोण ठेवील?

परंतु नुसत्या आकड्यांवर भिस्त ठेवूनही सुरक्षितता हाती लागत नाही. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलो शहराजवळ विमान कोसळून ५० माणसे दगावली. त्यानंतर तेथील कायद्याने २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट घातली. विशेष हे, की त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास पंधराशेहून कितीतरी अधिक होते!

आपल्याकडचा धडा त्याहूनही बोलका आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले व १५८ जीव गेले. सहवैमानिकाने तीन वेळा उतरण्याचा प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर नेण्यास सांगितले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. २०२० च्या ऑगस्टात कोळिकोडच्या अपघातात २१ जण दगावले. तेथेही सहवैमानिकाने तशीच सूचना दिली होती, असे चौकशी अहवाल सांगतो. दोन्ही ठिकाणी योग्य शब्द उजव्या खुर्चीवरून उच्चारला गेला आणि दोन्ही ठिकाणी तो वाया गेला. कप्तानाची चूक दाखविण्याचे कर्तव्य आपण सहवैमानिकावर पुरते टाकतो. मग त्याच खुर्चीवरचा तास मोजताना तो अर्धा कसा होतो? ज्याचे काम नियमच निम्मे ठरवितो, त्याचे बोलणे कप्तानाने पूर्ण मानावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

म्हणून आमचे म्हणणे असे. दोघांच्या पद्धतीने चालणाऱ्या विमानात सहवैमानिकाला नेमून दिलेले काम असेल, तर त्याचे तास पूर्ण धरावेत. ते नसेल, तर निम्मेही धरू नयेत. देखरेखीखाली केलेल्या कप्तानकीच्या प्रत्येक तासावर त्या कप्तानाची सही असावी, आणि ती नोंद विमान कंपनीच्या दप्तराशी ताडून पाहण्याची जबाबदारी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने स्वतः घ्यावी. शेवटी, सिम्युलेटरवरील परीक्षेत केवळ हाताचे कौशल्य न पाहता, उमेदवार कप्तानाला वेळीच अडवितो काय आणि कप्तान म्हणून बसल्यावर दुसऱ्याचे ऐकतो काय, हेही कसोटीस लावावे.

याने खर्च वाढेल, विलंब होईल, अशी तक्रार कंपन्या करतील. तो भार कर्जाने वाकलेल्या उमेदवाराच्या पाठीवर लोटू नये, एवढीच आमची अट आहे. विमानांची मागणी वाढत आहे, वैमानिक हवे आहेत, म्हणून हिशेब सैल करणे जितके घातक, तितकेच प्रामाणिकपणे केलेले काम वहीत अर्धे लिहिणे अन्यायाचे. महासंचालनालयाने या दोन्ही गोष्टी टाळणारा नियम स्पष्ट शब्दांत घालून द्यावा आणि नवे उमेदवार कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच तो त्यांच्या हाती पडेल, अशी व्यवस्था करावी.