कार्ड नाही, तरी थांबायचं?

समजा, तुम्ही यंदा डिग्री घेतली, भुसावळहून रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी मुंबईत उतरलात. अंधेरीत ओळखीच्यांच्या खोलीत पाचवे म्हणून राहताय. दोन महिने फोन करून करून थकलात. आणि एका संध्याकाळी समोरूनच फोन येतो, ‘उद्या सकाळी सातला सेटवर ये. असिस्टंट पाहिजे. कार्ड नसलं तरी चालेल.’ एरवी कार्ड विचारणारे आज असं का म्हणतात, म्हणून चौकशी केली तर कळतं, संप चालू आहे. कार्डवाले येणार नाहीत.

जाणार का?

आमच्या मास कॉमच्या बॅचमधले तिघं-चौघं याच लाइनमध्ये गेलेत, म्हणून हा प्रश्न मला हवेतला वाटत नाही. कार्ड म्हणजे संघटनेचं सभासदत्व. मुंबईच्या सिनेमा-मालिकांत कॅमेरा, लाइट, मेकअप, एडिटिंग, ज्युनिअर आर्टिस्ट अशी ज्याची त्याची संघटना असते आणि या सगळ्यांची मिळून ‘फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज’. 1 ऑक्टोबर 2008 ला या फेडरेशनने काम बंद केलं होतं. तक्रारी काय होत्या? मजुरी वेळेवर मिळत नाही, शिफ्टला अंत नाही आणि निर्माते बिगरसभासदांना कामावर घेतात. ही तिसरी तक्रार जरा परत वाचा. ती तुमच्या-माझ्याबद्दल आहे. पुढच्याच महिन्यात मालिकांचं शूटिंग पुन्हा बंद पडलं आणि चॅनलवाले जुने भाग दाखवू लागले. मी तेव्हा पहिलीत होते. तेच ते भाग लागतात म्हणून आजी टीव्हीवर चिडायची, एवढंच आठवतं.

आता जायला हरकत नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू, कारण त्यांचा मुद्दा हलका नाही. संघटनेने मला आत घेतलं नाही, फी परवडत नाही, कार्डाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय कार्ड नाही. मग जिथे माझं मतच विचारलं नाही, तो संप मी का पाळू? कायदाही बऱ्यापैकी या बाजूला आहे. निर्माते विपुल शाह यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 2017 मध्ये निकाल दिला, की फक्त आमचेच सभासद घ्या अशी अट घालणं स्पर्धेच्या विरोधात आहे. मला विचाराल तर तो निकाल बरोबर होता. सेटवर येऊन कार्ड दाखव म्हणून दमदाटी करणं आणि संप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही मी म्हणेन, जाऊ नका.

कारण साधं आहे. तुम्हाला ती जागा मिळाली ती तुमचं काम बघून नाही. ती रिकामी झाली म्हणून मिळाली. संप मिटला की कार्डवाला परत येणार आणि तुम्ही परत त्या खोलीत फोन करत बसणार. आणि तुमच्यामुळे संप फुटला तर ज्या दरासाठी तो लढत होता तो दर पडणार. पडलेला दर आधी कोणाच्या वाट्याला येतो? ज्याच्या मागे कुणी उभं नाही त्याच्या, म्हणजे बिनकार्डवाल्याच्या. मालिकांत पैसे नव्वद दिवसांनी मिळायची पद्धत आहे. कार्डवाल्याचे अडकले तर त्याला तक्रार करायला निदान एक ऑफिस आहे. तुम्ही कोणाकडे जाणार?

हॉलिवूडमध्ये 2023 मध्ये लेखकांचा संप 148 दिवस चालला, त्यातच नटांचा सुरू झाला, तो 118 दिवस. लेखकांच्या गिल्डने बाहेरच्यांना आधीच सांगून टाकलं होतं, की संपात आमचं काम उचलाल तर पुढे सभासदत्व विसरा. ही धमकीच झाली आणि मला ती फारशी आवडत नाही. पण तिकडे दुसरीही एक गोष्ट होती. ‘एंटरटेनमेंट कम्युनिटी फंड’ नावाची जुनी संस्था या क्षेत्रातल्या अडलेल्यांना मदत करते, कार्ड असो की नसो. आपल्याकडच्या संघटनांनी बिनकार्डवाल्या पोरांकडून संप पाळण्याची अपेक्षा ठेवायची असेल, तर अशी काही सोय आधी करावी. फी हप्त्याने घ्यावी. निदान संपाच्या मीटिंगला तरी बोलवावं. दार बंद ठेवून आतून ‘आम्हाला साथ द्या’ असं ओरडण्यात काय अर्थ आहे?

आणि आपल्याकडे जी अहिराणी गाण्यांची शूटिंगं होतात, तिथे तर कार्ड हा शब्दच नाही. वडापाव आणि ‘पुढच्या गाण्याला बघू’ यावर दिवस निघतो. तिथे संप करायलाही कोणी नाही.

हे सगळं मी तत्त्वाच्या गप्पा म्हणून लिहू शकले असते, पण मी भुसावळची आहे आणि रेल्वेच्या घरातली आहे. 8 मे 1974 ला देशभर रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढे होते. वीस दिवसांत, 27 मेला, तो मागे घ्यावा लागला. अटका झाल्या, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टर खाली करायला लावले. जे कामावर गेले त्यांना सरकारने ‘लॉयल’ म्हटलं, इन्क्रिमेंट दिलं, त्यांच्या मुलांना नोकऱ्या दिल्या. माझे आजोबा कामावर गेले होते. मोठे काका त्यातूनच रेल्वेत लागले. काकांच्या पगारावर माझे वडील शिकले आणि वडिलांच्या पगारावर मी.

म्हणजे संपफोड्या म्हणून कुणाकडे बोट दाखवायचा हक्क मला नाही. आजी सांगते, घरात पाच लेकरं होती आणि शेजारी पोलीस आले होते. आजोबा भित्रे नव्हते, ती म्हणते. पण ज्या शेजाऱ्याची नोकरी गेली, त्याच्या दारावरून आजोबा पुढे कधी गेले नाहीत. मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घालून ड्यूटीवर जायचे. 1977 मध्ये सरकार बदललं, काढलेल्यांना परत घेतलं, तो शेजारीही परत आला. आजोबांचा वळसा मात्र रिटायर होईपर्यंत सुटला नाही.

परवा बॅचमधल्या एका मित्राला मी फोन केला. तो गोरेगावला एडिटिंगमध्ये असिस्टंट आहे, अजून कार्ड नाही. विचारलं, उद्या संप झाला आणि तुला बोलावलं तर? तो म्हणाला, ‘खोलीचं भाडं कोण भरेल भो, तुझं पेपर?’ मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री ग्रुपवर टाकलं, की असं झालंच तर एका महिन्याचं भाडं आपण चौघं मिळून भरू. दोघांनी अंगठा दिला.

त्याने लिहिलं, ‘बघू.’